वीतभर नळी

नवेगाव बांधच्या बसथांब्यासमोर माझं सायकलचं दुकान होतं तेव्हा तिथं दिवसाकाठी जेवढी हवा ट्यूबांत भरली जायची, त्याच्या दुप्पट माझ्या तोंडातून निघायची. हे मी नाकारत नाही. तलावात एक मगर होती, ती एकदा माझ्याकडं चेन बसवून घ्यायला आली आणि घाईत पंप घेऊन पळाली, इथपर्यंत मी भल्याभल्या माणसांना पटवलेलं आहे. एक पाहुणा तर पंपाबद्दल हळहळलासुद्धा. पण हिरामण शहारे सांगायला घेतला की माझी पंचाईत होते. त्या माणसात तिखटमीठ घालायला जागाच नाही. खरं आहे तेच लोकांना खोटं वाटतं, आणि मग माझ्यासारख्या गप्पिष्टावर शपथा घ्यायची पाळी येते.

हिरामण गावाला परत आला नव्व्याण्णव साली. आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. बाप दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर राबलेला, आणि पोरगा समुद्रात पाणबुड्या झालेला. मुंबईकडं कुठल्याशा कंपनीत बारा गावचं पाणी प्यायला आणि चाळिशी गाठता गाठता बायको विमलबाई, दोन पेट्या आणि घोंगड्यात गुंडाळलेलं एक धूड घेऊन बसमधून उतरला. धूड कासवाच्या पाठीएवढं. त्यावरून दोन जाड नळ्या निघालेल्या. गाव म्हणालं, कपडे धुवायचं मशीन आणलं. मी म्हणालो, दूध काढायचं. दोन दिवस गावात माझंच चाललं.

ते होतं श्वासाचं यंत्र. साध्या पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते, त्यातून तो श्वास घेतो आणि बुडबुडे सोडतो. ह्यात तसं नाही. ह्यात माणूस आपलाच श्वास पुन्हा पुन्हा वापरतो. सोडलेली हवा पिशवीत जाते, पांढऱ्या चुन्यासारख्या दाण्यांतून गाळून निघते, वरून चिमूटभर प्राणवायू मिसळतो आणि परत तोंडात. बुडबुडा एक नाही. हिरामण म्हणायचा, आमच्याकडं हेच बरं. टाक्या भरायचं मशीन थेट नागपुरात, आणि जुन्या तलावांच्या पाणी सोडायच्या दगडी मोऱ्या अशा की बुडबुडे वरच्या दगडाला लागले की शंभर वर्षांचा गाळ डोक्यावर उतरतो.

“पण यंत्र आहे,” तो म्हणायचा. “यंत्र रुसते. पाणी घुसलं का आतले दाणे भिजले, दाणे भिजले का तोंडात चुन्याची निवळी येते. मंग काय करशीन मिस्तरी?”

“मी वर येईन.”

“अन् वर दगड असला तं?”

म्हणून अंगावर आणखी एक छोटा, साधा हवेचा सिलेंडर. यंत्र बिघडलं की त्याची नळी तोंडात घालायची आणि बाहेर पडायचं. त्या सिलेंडरला हिरामण ‘सुटका’ म्हणायचा. ही सुटका अंगावर कुठं बांधायची, हा त्याच्या आयुष्यातला एकमेव प्रश्न होता. बाकी लग्न, घर, निवडणुका, पाऊसपाणी हे सगळं त्याच्या लेखी त्या प्रश्नाच्या आजूबाजूला उगवलेलं गवत.

पोटावर बांधली तर खाली वाकता येईना आणि सिलेंडरचं बूड गाळ उकरत जाई. पाठीवर बांधली तर हाताला लागेना. एकाच कुशीला लावली तर माणूस एका अंगाला कलंडे, भरल्या डोंग्यासारखा. दोन्ही कुशींना एकेक लावली तर तोल साधला, पण त्या लोंबायला लागल्या आणि चालता-पोहताना बैलाच्या गळ्यातल्या लोढण्यासारख्या गुडघ्यांवर आदळू लागल्या. त्यात सिलेंडर हवेनं भरलेला असताना जड असतो, रिकामा होत गेला की त्याचं बूड वर उचलतं. शेपटी वर करून पळणारं वासरू पाहिलंय ना, तसं. मग हिरामणनं खालची कडी चार बोटं सरकवली, वरच्या तोंडाला रबर लावलं, आणि त्या रबरासाठी तो माझ्या दुकानात आला.

“जुना ट्यूब दे.”

“नवा आहे, घे ना.”

“नवा उड्या मारते. ज्यानं दहा वर्षं बापाचं वजन उचललं, तसा दे.”

दोन्ही काखांतून ट्यूबच्या पट्ट्या फिरवून त्यानं सिलेंडरांची मुंडकी बरगड्यांशी अशी दाबून बांधली की दुरून बघणाऱ्याला वाटावं, माणसाला दोन हात जास्तीचे फुटलेत आणि ते त्यानं लाजून काखेत घेतलेत. मग त्याची परीक्षा. कुठं? तलावात नव्हे. समोरच्या चहाच्या टपरीतल्या बाकाखाली. कासवयंत्र पाठीवर, सुटका दोन्ही कुशींना, आणि हिरामण पालथा होऊन बाकाखालून सरपटतोय. बाकावर बसलेले पंच पाय वर घेऊन चहा पितायत. सिलेंडर बाकाच्या पायाला टक् करून लागला की हा बाहेर येई, एक गाठ सोडे, दुसरी मारे, आणि परत आत. अशानं टपरीच्या जमिनीला नाली पडली आणि पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहू लागलं, असं मी सांगतो. ती नाली आधीपासून होती असं टपरीवाला सांगतो. तुम्ही कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवा.

एकदा तो तसाच गोंदियाला निघाला, सोबत मी. अंगावर सवय व्हावी म्हणून. बसमध्ये ही गर्दी, त्यात हा काखेत दोन टाक्या घेऊन उभा. कंडक्टर गोंदियाचा, त्याची भाषा हिंदी. तो म्हणतो, “अबे, ये दो बच्चे किसके हैं? टिकट कौन लेगा?” हिरामणनं शांतपणे सांगितलं, “साहब, ये मेरे साँस हैं.” कंडक्टर घाबरून पुढं सरकला. पण मला आठवतं ते पुढचं. सडक अर्जुनीला उतरणाऱ्यांची झुंबड उडाली. सगळ्यांच्या पिशव्या, पदर, छत्र्या एकमेकांत अडकल्या, बाया किंचाळल्या, आणि हा एवढा अवजड माणूस कोणाला धक्का न लावता मधून निघाला, साबण हातातून निसटावा तसा. चहापुरता खाली उतरला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “पाह्यलं? अंगावर लोंबून राहिलं तेच धरते. बाकी पाणी सोडून देते.”

हे त्याचं लोंबण्याचं वेड मग सगळीकडं पसरलं. कोणाचा सदरा विजारीबाहेर दिसला की हा न विचारता आत खोचायचा. पोरींच्या ओढण्या, म्हाताऱ्यांची धोतराची टोकं, बैलाची वेसण. माझ्या दुकानाच्या दारातली टायरांची माळ त्यानं तीनदा काढून खिळ्यांवर आडवी बसवली. एका पोवारांच्या लग्नात तर त्यानं बोहल्यावर चढून नवरदेवाच्या मुंडावळ्या कानांमागं खोचल्या. वऱ्हाडी मंडळी मारायला उठली. विमलबाईंनी त्याला दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अवो, तुमची जीभ तेवढी लोंबते, ते आधी खोचा.”

आम्ही हसायचो. मीही हसायचो, आणि घरी जाऊन त्यात भर घालायचो. मग एकदा उन्हाळ्यातल्या दुपारी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली बसलो असताना त्यानं मला तांडेलचं सांगितलं. एकदाच. ह्यात माझं मीठ नाही. त्यानं सांगितलं तेवढंच लिहितो.

तांडेल हा कंपनीतला त्याचा जोडीदार. दोघं एका धरणाच्या लोखंडी जाळीत अडकलेली झाडं काढायला उतरले होते. तांडेलची सुटका एका दोरीवर कमरेला सैल लोंबत होती, तेव्हा सगळेच तशी बांधायचे. ती जाळीत अडकली. तांडेलनं कडी सोडली, मोकळा झाला, पुढं गेला. काम संपवून परत येताना उचलू म्हणाला असेल. आणि नेमकं पुढं गेल्यावर त्याच्या यंत्रात पाणी घुसलं.

“ते तिथंच होती नं बावा,” हिरामण म्हणाला. “जाळीले लटकून. दिसून राहिली होती. मी त्याले धरून आणलं, तं तिच्या खालीच आणून ठेवलं. पण जीव आधीच गेला होता. चार हात कमी पडले.”

त्यानंतर तो पाळीवरच्या मातीत काडीनं रेघा ओढत बसला.  

त्या दिवसापासून मला त्याचं वेड समजलं. पुन्हा कोणी सुटका हाताशी नाही म्हणून मरता कामा नये. त्याच्यासोबत उतरणारा तर नाहीच नाही. बाकी त्याला काही नको होतं.

आमच्या भागात तलाव ढिगानं. त्यामुळं कोणी बुडालं की पोलीस पाटील पहिला माणूस हिरामणकडं धाडायचा. हिरामण यायचा, पण उतरायची घाई करायचा नाही. काठावर रडारड चाललेली, आणि हा एकेक कडी ओढून बघतोय, ट्यूब दाबून बघतोय, नळी तोंडात घालून श्वास घेतोय, काढतोय. एका गावी बुडालेल्याच्या भावानं त्याची गचांडी धरली.

“काऊन टाइमपास करून राहिला बे? माझा भाऊ आत आहे!”

“तुझा भाऊ आता थांबते,” हिरामण म्हणाला. “त्याले घाई नाही. मले वापस यायचं आहे.”

लोकांनी त्याला दगडाच्या काळजाचा म्हटलं. त्याच्या तोंडावर म्हटलं. मग तो पाण्यात गेला, आणि बऱ्याच वेळानं त्या पोराला दोन्ही हातांवर आडवं घेऊन आला, झोपलेल्या लेकराला अंथरुणावर नेतात तसं. काठावर ठेवण्याआधी त्याच्या अंगाला लागलेलं शेवाळ काढलं, सदऱ्याची बटणं लावली. त्या भावाकडं बघितलंसुद्धा नाही. घरी येताना वाटेत थांबून ओकला. ओकून झाल्यावर मला म्हणाला, “डावीकडची कडी जराशी खाली पाह्यजे.”

एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, हा त्याचा दुसरा कायदा. म्हणून त्यानं जोडीदार शोधला, सुखदेव नान्हे. धीवर समाजातला. अंगानं गोल, सदा हसरा, आणि पाण्यात असा की मासोळ्यांनी त्याच्याकडं शिकवणी लावावी. जाळं टाकायचा, डोंगा वल्हवायचा आणि बायकोसोबत तलावाच्या उथळ कडेला शिंगाडा लावायचा. बायको मंजुळा शिंगाडे उकडून बाजारात विकायची. तिच्या जिभेला घाबरून गिऱ्हाईक भाव करत नसे. सुखदेव तेवढा तिच्यासमोर जोरात हसायचा, आणि ती त्याच्यावर ओरडता ओरडता हसायची.

हिरामणनं भंगारातल्या सुट्या भागांतून दुसरं यंत्र जुळवलं, सोबत सुटका मात्र एकच मिळाली, आणि सुखदेवला शिकवलं. दोघांचं जमलं फार. भांडण एकाच गोष्टीवरून. धीवर माणूस पाण्यात उभा राहून मासे धरतो तेव्हा टोपली कमरेला मागं बांधतो. पुढं हात मोकळे हवेत, आणि वेलींत पुढचं काही अडकायला नको. बापानं तसं केलं, आजानं तसं केलं. सुखदेवचा हात पाण्यात गेला की आपोआप कुशीची सुटका मागं ढकलायचा. हिरामण ती ओढून पुढं आणायचा. पाच मिनिटांत परत मागं.

“अबे, मागं काऊन नेतं? हवेची चावी घासून बंद होईन नं दगडाले लागून! हात पोहचते का तुझा तिथं?”

“भाऊ, माझ्या आज्याची टोपली मागंच होती. एक मासोळी नाही पळाली.”

“ते मासोळी होय. हे हवा होय.”

“हवा कोठी पळते?”

आणि दोघं काठावर बसून भांडायचे. मंजुळा शिंगाड्याची टोपली डोक्यावर घेऊन जाताना म्हणायची, “दोघा म्हाताऱ्यांचा संसार चालला आहे, चालू द्या.”

ह्याच सुमारास हिरामणचं बांधकाम पूर्णत्वाला पोहोचलं. एक गोष्ट उरली होती, सुटकेची नळी. कंपनीतून आलेल्या नळ्या लांबलचक. त्या कुठंतरी गुंडाळाव्या लागत, आणि गुंडाळलेलं सुटतं, सुटलेलं लोंबतं. तांडेलनंतर हिरामणला लोंबणारी नळी डोळ्यांसमोर नको होती. त्यानं त्या बदलून आखूड बसवल्या. काखेतून निघाली, छातीवरून आली, हनुवटीखाली थांबली. पुढं निघते ती वीतभर. मान वळवली की तोंडात. पूर्ण अंगावर आता असं काही नव्हतं की ज्यात करंगळी अडकावी. तो दुकानात आला, दोन्ही हात पसरून माझ्यासमोर गोल फिरला आणि म्हणाला, “धरून दाखव.” मला काही धरता आलं नाही. मी म्हणालो, “हिरामण, तू आता मासा झालास. मंजुळाबाईच्या नजरेस पडू नको.” तो इतका खूश झालेला मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

सुखदेव मागं उभा होता. तो म्हणाला, “भाऊ, तुझी नळी माझ्या तोंडापर्यंत पुरते काय?”

“तुले तुझी आहे नं!”

“हो, ते आहे,” सुखदेव म्हणाला, आणि त्यानं विषय सोडून दिला. तो सगळेच विषय सोडून द्यायचा.

पुढचं झालं दिवाळीच्या आधी, धान दाण्यावर असताना. आमच्याच जिल्ह्यातला एक जुना तलाव, नाव सांगत नाही. त्याचं तुडूम, म्हणजे शेतांना पाणी सोडायची पाळीखालची दगडी मोरी, बंद पडली होती. तोंडाशी कुठलंसं झाड येऊन बसलं होतं. शेतकरी रोज पाळीवर येऊन आतल्या पाण्याकडं बघायचे. धानाला शेवटचं पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाण्याऐवजी हवा राहते. दोघं गेले. मीही गेलो, उगाच, गर्दी असेल तिथं मी असतोच. उतरायच्या आधी हिरामणनं सुखदेवची सुटका स्वतः पुढं ओढून बांधली. मी पाहिलं. सुखदेवनं पाण्यात बुडी मारली आणि त्याचा हात मागं गेला. तेही मी पाहिलं, पण त्याच्यात पाहण्यासारखं काय आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

आतलं मी पाहिलेलं नाही. हिरामणनं पुढं मंजुळासमोर सांगितलं तसं लिहितो.

मोरीच्या तोंडाला मधोमध लोखंडाचा उभा खांब. हिरामण त्याच्या एका अंगानं आत गेला, सुखदेव दुसऱ्या. अंगावर लोंबणारं काही नसल्यानं दोघं जिथं कुत्रं शिरणार नाही तिथं शिरले. झाड हललं. पाणी धावायला लागलं. आणि सुखदेवनं खांबापलीकडून हिरामणचा दंड धरला. त्याच्या यंत्रात पाणी शिरलं होतं. त्यानं तोंडातली नळी थुंकली, सुटकेची घातली. एक श्वास आला, दुसरा नाही. मागं गेलेल्या सिलेंडरची चावी आत शिरताना दगडाला घासत घासत बंद झाली होती. ती आता त्याच्या पाठीमागं, खांबाच्या त्या अंगाला. त्याचा हात पोहोचेना. हिरामणचा पोहोचेना.

हिरामणच्या स्वतःच्या कुशीत दोन सुटका होत्या. भरलेल्या. यंत्र चालू होतं, त्याला त्यांची गरजही नव्हती. त्यानं नळी काढली आणि सुखदेवच्या तोंडाकडं धरली.

नळी वीतभर.

दोघांच्या मध्ये खांब. सुखदेवनं डोकं पुढं आणलं, लोखंडाला गाल घासला. हिरामणनं अंग वळवायचा प्रयत्न केला, दगड वळू देईना. सिलेंडर सोडून पलीकडं द्यावा तर तो बरगड्यांशी माझ्या जुन्या ट्यूबांनी बांधलेला, त्यानंच शिकून शिकून असा बांधलेला की काही झालं तरी सुटू नये. त्यानं चाकू काढला. ट्यूब चिवट. कापून झाला, सिलेंडर हातात आला, खांबाच्या पलीकडं गेला, नळी सुखदेवच्या तोंडात बसली. पण हिरामणच्या दंडावरची सुखदेवची बोटं आधीच सुटली होती.

वर शेतकऱ्यांनी खालच्या पाटाला पाणी आलेलं पाहिलं आणि आरोळी ठोकली. मीही ठोकली. नंतर पाण्यातून हिरामण वर आला, एका हातानं सुखदेवला धरून.

चौकशी झाली. सगळ्यांचं म्हणणं एक: सुटका मागं होती, चावी बंद होती, मेलेल्याची चूक. पोलीस पाटील म्हणाला, चौकशीला आलेले साहेब म्हणाले, सुखदेवचा सख्खा मामा म्हणाला, “भाऊनं त्याले हजारदा सांगतलं होतं.” ते खोटंही नव्हतं. हिरामणला फक्त मान हलवायची होती. विमलबाईंनी त्याला हात जोडून सांगितलं, “गप राहा. तुमच्या बोलण्यानं तो वापस येऊन राहिला काय?”

तेरवीच्या दिवशी तो सुखदेवच्या घरी गेला. आंगणात जेवणाच्या पंगती. मंजुळा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. हा तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं, मी वर लिहिलं ते सगळं, खांबापासून चाकूपर्यंत. पंगतीतले हात थांबले. शेवटी म्हणाला, “चावी बंद होती हे खरं आहे बाई. पण माझ्यापाशी दोन भरलेल्या होत्या. मी नळी माझ्यापुरती आखूड केली होती. त्यानं विचारलं होतं मले.”

मंजुळानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. ती ओरडेल, चप्पल मारेल असं आम्हाला वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मंग तू कायले वर आला?” तिनं विचारलं.

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, असं वाटलं.    मग कोणीतरी हिरामणचा खांदा धरून त्याला बाहेर नेलं.

त्यानं यंत्र परत कधी उघडलं नाही. पोलीस पाटलाचा माणूस आला की विमलबाईच दारातून परत पाठवायच्या. हिरामण दुकानात येऊन बसायचा, पण माझ्या गप्पांत भर घालायचा नाही आणि खोडायचाही नाही. टायरांची माळ दारात लोंबत होती, तिच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. मी एकदा मुद्दाम सदऱ्याचं टोक बाहेर ठेवून त्याच्यासमोर फेऱ्या मारल्या. त्यानं विचारलं, “काही हरवलं काय मिस्तरी?”

विमलबाई सांगायच्या की तो आंघोळीला डोक्यावर पाणी घेत नाही. तोंडसुद्धा ओल्या फडक्यानं पुसतो.

पुढच्या हंगामात तो न बोलावता मंजुळाच्या शिंगाड्याच्या पाण्यात उतरला. तिचा प्लॉट तलावाच्या कडेचा. ती डोंग्यात बसून वेल उलटायची, खालचे शिंगाडे तोडून टोपलीत टाकायची. एकटीला ते होत नव्हतं, पोरी लहान होत्या. हा दुसऱ्या टोकानं छातीभर पाण्यात उभा राहून तोडायला लागला. तोडलेले काठावर ढीग करून ठेवले. ती ढिगाला वळसा घालून निघून गेली. ते शिंगाडे तिथंच काळे पडले. दुसऱ्या दिवशी हा परत आला. काट्यांनी बोटं फाटलेली. एका सकाळी तिनं वेलाला लागलेला चिखलाचा गोळा भिरकावला, तो त्याच्या गळ्याला लागला. यानं गळा पुसला आणि पुढचा वेल उलटला. असा तो हंगाम गेला. त्यानंतरच्या हंगामात ढीग काठावर राहात नाही असं लोकांच्या ध्यानात आलं. कोण उचलतं हे कोणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असेल तर मला सांगितलं नाही. मला सांगितलेलं गावभर होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बोलणं मात्र काही नाही. त्यानं विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही.

पुढं माझे गुडघे गेले. पोरगी गोंदियाला दिलेली, ती न्यायला आली. दुकान बंद केलं, पंप पुतण्याला दिला. निघायच्या दिवशी सकाळी पाळीवरून एक चक्कर मारायला गेलो. थंडी पडली होती. पाण्यावर धुकं, त्यात मंजुळाचा डोंगा, आणि डोंग्यापासून बऱ्याच अंतरावर हिरामणचं डोकं. केस पांढरे झाले होते. दुरून वाटावं पाण्यावर एखादा बगळा मान आखडून बसलाय. मी हाक मारणार होतो. निरोपाची दोन वाक्यं तयारही केली होती, चांगली होती.

तो वेल हातात घेऊन आत सरकत होता. काठाजवळचे शिंगाडे संपले असावेत. पाणी छातीवरून खांद्यावर आलं, खांद्यावरून गळ्याला. तो थांबत नव्हता. मी पाळ उतरायला लागलो. मंजुळा पाठमोरी होती, तिचे हात वेलींत. तिनं मान वर केली नाही, वळून पाहिलं नाही.

“तिकडं नोको जाऊ,” ती म्हणाली. “खोल आहे.”

हिरामण होता तिथंच उभा राहिला. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. मग हळूहळू, एकेक पाऊल चाचपत, तो डोंग्याच्या अंगाला वळला, तिच्या टोपलीपासून हातभर अंतरावर आला, आणि समोरचा वेल उलटला.